कृपा देवाची, होकार कुणाचा? तारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी बेळगावात आमचा मराठी बायबल अभ्यास भरतो. खानापूर, निपाणी, संकेश्वरहूनही माणसं येतात, आणि ज्यांना येता येत नाही ते फोनवर प्रश्न पाठवतात. सगळ्यांत जास्त प्रश्न एकाच गाठीभोवतीचे असतात. तारण देव करतो, तर माझ्या निवडीला काय अर्थ? आणि निवड माझी असेल, तर ती कृपा कशी? हे प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे ठेवले आहेत. मी मेथडिस्ट वळणात वाढले. मंडळ्यांमध्ये जिथे मतभेद आहेत तिथे माझा कल मी लपवलेला नाही, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं त्या बाजूच्या माणसाला आपलं वाटेल असं मांडायची काळजी घेतली आहे.

१. कृपा म्हणजे नेमकं काय? दया आणि कृपा एकच ना?

जवळच्या आहेत, पण एक नाहीत. शेजारच्या पोरानं तुमच्या गाडीची काच फोडली आणि तुम्ही भरपाई मागितली नाही, ही दया. त्याच पोराला घरात बोलावून पाटावर बसवून जेवू घातलंत, ही कृपा. दयेत शिक्षा टळते. कृपेत ज्यावर आपला काडीचाही हक्क नाही ते पदरात पडतं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ आहे, आणि त्यात देणाऱ्याची प्रसन्नता आणि त्यानं दिलेली देणगी असे दोन्ही अर्थ येतात. इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, इफिस २:८ मध्ये (दुसरा अध्याय, आठवं वचन), प्रेषित पौल सांगतो की तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालं आहे. ते आपल्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे. हे पान उघडून ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा लागेल.

२. पतपेढीच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’ लिहिलेलं असतं. आपलं तारण तेच का? आणि कन्नड उपासनेत ‘रक्षणे’ म्हणतात ते वेगळं आहे का?

हा प्रश्न रविवार शाळेतल्या एका मुलीनं विचारला, आणि फार चांगला विचारला. पतपेढीतलं तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेला ऐवज. आपलं तारण ‘तारणे’ या क्रियापदातून आलेलं, म्हणजे बुडत्याला वर काढणं, पैलतीरी नेणं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ मधलं ‘तारी’ तेच.

कन्नडमधलं ‘रक्षणे’ही त्याच अर्थानं वापरलं जातं, मागचा ग्रीक शब्दही तोच. पण मराठी कानाला रक्षण म्हणजे राखण वाटते, आणि दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत इथेच घोटाळा होतो. घाटात गाडी उलटली आणि खरचटण्यावर निभावलं, की ‘माझं तारण झालं’ असं सहज म्हटलं जातं. तेही देवाचं राखणं आहेच. इथे मात्र आपण पाप आणि मरण यांच्या तावडीतून सुटून देवाशी नातं जुळण्याबद्दल बोलतो आहोत.

बायबल हे तारण तिन्ही काळांत बोलतं. इफिस २:८ मध्ये ते झालेलं आहे, १ करिंथ १:१८ मध्ये ते होत आहे आणि रोम ५:९ मध्ये पुढे होणार आहे. ‘तुमचं तारण झालं का?’ असं कुणी रस्त्यात थांबवून विचारलं आणि उत्तर देताना अडखळलात, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

३. सगळं देवच करतो म्हणता, मग माणसानं काय करायचं? हाताची घडी घालून बसायचं काय?

घटप्रभेच्या कालव्याखाली माझ्या मामांचं शेत होतं. पाण्याची पाळी बहुतेक वेळा रात्रीच यायची. लहानपणी एकदा हट्ट करून मी त्यांच्यामागे गेले होते. उसात गुडघाभर काळोख, पाटात पाण्याचा बारीक आवाज, मामांच्या हातात खोरं. एक सारा भरला की ते मातीचं दारं मोडायचे, चिखलाचे दोन घाव दुसऱ्या तोंडाला लावायचे, की पाणी पुढच्या साऱ्यात वळायचं. पहाटे घरी आल्यावर मामींनी विचारलं, ‘झालं काय?’ मामा म्हणाले, ‘पाणी आलं.’ ‘मी पाणी आणलं’ असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. पाऊस, धरण, कालवा, पाळी, काहीच त्यांच्या हातातलं नव्हतं. तरी त्यांनी दारं मोडलं नसतं तर ऊस वाळला असता.

हा दाखला मी वर्गात नेहमी देते आणि तो कुठे तोकडा पडतो तेही लगेच सांगते. खोरं मारायची ताकद मामांची स्वतःची होती. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये पौल त्याच्याही पुढे जातो. बाराव्या वचनात तो म्हणतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या. तेराव्यात म्हणतो, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे दोन्ही तुमच्यात घडवून आणणारा देव आहे. ‘कारण’ या शब्दावर बोट ठेवून वाचा. आपल्या मनाप्रमाणे तिथे ‘तरी’ यायला हवा होता: देव करतो, तरी तुम्हीही करा. पौल लिहितो ‘कारण’. देव आत काम करतो आहे, म्हणून तर तुमच्या कामाला जीव आहे.

आपली अडचण अशी की देव आणि माणूस म्हणजे वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करणारे दोन भाऊ, असं आपण धरून चालतो. एकाला दोन गुंठे जास्त गेले की दुसऱ्याचे दोन कमी झाले. मग भांडण सुरू होतं, तारणात ऐंशी टक्के देव आणि वीस टक्के मी, की शंभर आणि शून्य? पण ज्यानं मला निर्माण केलं तो माझा भाऊबंद नाही. त्यानं हात घातल्यानं माझी इच्छा कमी होत नाही, ती पहिल्यांदा मोकळी होते.

ज्या फिलिप्पै गावाला हे पत्र गेलं, तिथलीच गोष्ट प्रेषितांची कृत्ये १६:१४ मध्ये आहे. जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया नदीकाठी पौलाचं बोलणं ऐकत होती. प्रभूनं तिचं अंतःकरण उघडलं आणि तिनं लक्ष दिलं. लक्ष तिनंच दिलं. एका वाक्यात दोन्ही आहे, आणि लूक त्याची फोड करत बसत नाही.

४. विश्वास ठेवणं हेही माझंच काम. मग तेच माझं कर्म झालं नाही काय?

रोम ४:४-५ मध्ये पौल याचं उत्तर मजुरीच्या भाषेत देतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तिला कुणी कृपा म्हणत नाही. विश्वास म्हणजे मजुरीसाठी पुढे केलेलं हजेरीचं पुस्तक नव्हे, रिकामा हात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा चिकोडी, अथणी भागातल्या माणसांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. दावणीची जनावरं मागे ठेवून बोटीत पाय टाकणं किती जड जातं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तरी त्या बोटीत चढलेल्या कुणी ‘मी स्वतःला वाचवलं’ म्हणणार नाही.

यावर सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतली माणसं म्हणतात: पुरात अडकलेला निदान जिवंत असतो, इफिस २:१ प्रमाणे आपण तर अपराधांत मेलेले होतो, मरून कबरेत असलेल्या लाजराला येशूनं ‘बाहेर ये’ म्हटलं तेव्हा ऐकायचा जीवही त्या हाकेनंच दिला. हा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं त्यावरचं म्हणणं प्रश्न ७ मध्ये आहे.

५. फुकट मिळालं म्हणता. मग पुढे चांगलं वागून ते फेडायचं असतं ना?

नाही. आणि हे उत्तर मला ठासून द्यायचं आहे.

आपल्या साखरपट्ट्यात हंगामाआधी मुकादम ऊसतोडीच्या टोळीला उचल देतो. पैसे हातात आले की घरचं लग्न, दवाखाना, जुनी देणी भागतात. मग नवरा-बायको महिनोन् महिने कोयता चालवून ती फेडतात. फिटली नाही तर बोजा पुढच्या हंगामावर जातो. आमच्या मंडळीतल्या किती भल्या माणसांच्या मनात देवाची कृपा म्हणजे अशीच उचल आहे, हे त्यांच्या बोलण्यातून कळतं तेव्हा पोटात तुटतं. एक मावशी तापानं फणफणत होत्या, आणि मला म्हणाल्या, ‘दोन रविवार चुकले, देवाचं देणं वाढलं.’ देवानं त्यांच्या नावावर असा कुठलाच हिशेब मांडलेला नाही. दान फेडायला लागलात की ते दान राहत नाही, कर्ज होतं.

मग सत्कर्मं कशाला? इफिस २:८-९ पाठ असणारे बरेच जण दहाव्या वचनापर्यंत जातच नाहीत. तिथे लिहिलं आहे की सत्कृत्यं करण्यासाठीच आपली ख्रिस्तामध्ये निर्मिती झाली. आंब्याला फळं येतात ती रोप लावणाऱ्याचे पैसे परत करायला नव्हे. झाड जिवंत आहे म्हणून येतात. याकोब आपल्या पत्रात कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे म्हणतो ते याच अर्थानं: वर्षानुवर्षं एकही फळ नसेल तर मुळाकडे बघावं लागतं. ‘मग पाप करत राहिलं तरी चालतंय की’ असं म्हणणारे पौलाच्याही काळात होते. त्यांना रोम ६ च्या सुरुवातीलाच उत्तर मिळालं आहे.

६. पूर्वनियोजन म्हणजे आपलं नशीबच ना? सटवीनं कपाळी लिहिलेलं?

आजी म्हणायची सटवाईनं पाचवीला लिहिलं, शेजारच्या कन्नड काकू म्हणायच्या हणेबरह. दोन्हींत माणूस एकटा असतो आणि लिहिणारी लिहून निघून जाते. पुढे काय होईल याच्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. रोम ८:२९ मधलं पूर्वनियोजन वाचा: देवानं ज्यांना आधीच ओळखलं त्यांना आपल्या पुत्राच्या रूपासारखं व्हायला नेमलं. तिथे लग्न कधी होईल, नोकरी कुठे लागेल, अपघात कोणत्या तारखेला, यातलं काही नाही. एका बापानं मुलांना घरी आणायचं ठरवलं आहे, एवढंच आहे. म्हणून ‘माझ्या नशिबात देव नाही’ हे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही, मग तो कॅल्विनच्या बाजूचा असो की वेस्लीच्या. अनुवाद ३०:१९ मध्ये देव जीवन आणि मरण समोर ठेवून ‘जीवन निवडून घे’ म्हणतो. कपाळावर लिहून ठेवणारी असं कधी म्हणत नाही.

७. कॅल्विन आणि आर्मिनियस यांचा वाद काय होता? आपण कुठल्या बाजूचे?

वाद त्यांच्याही आधीचा आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस शिकवत होता की माणसानं मनावर घेतलं तर तो देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) स्वतःच्या तरुणपणाच्या अनुभवानं पोळलेला होता. त्यानं म्हटलं, इच्छाच आजारी आहे, तिला बरं कोण करणार? ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेनं पेलागियसची शिकवण नाकारली. ५२९ मध्ये ओरांजच्या सभेनं सांगितलं की विश्वासाची पहिली हालचालसुद्धा कृपेतून येते. त्याच सभेनं हेही बजावलं की देवानं कुणाला पापासाठी नेमलं असं म्हणणं चूक आहे. निम्मा वाद इथेच मिटायला हरकत नव्हती.

धर्मसुधारणेच्या काळात तो पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मस माणसाच्या इच्छेच्या बाजूनं बोलला, १५२५ मध्ये लूथरनं त्याला कडक उत्तर दिलं. कॅल्विननं (१५०९–१५६४) देवाच्या निवडीवर भर दिला. हॉलंडमध्ये आर्मिनियसला (१५६०–१६०९) ते जसंच्या तसं पटेना. त्याच्या मागे अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे मांडले, आणि डॉर्टच्या सभेनं (१६१८–१९) ते नाकारून आपली बाजू ठरवली. मुख्य प्रश्न असे: देव काहींना निवडतो तो त्यांचा विश्वास आधीच पाहून, की काहीही न पाहता? ख्रिस्त सर्वांसाठी मेला, की निवडलेल्यांसाठी? कृपा नाकारता येते का?

जॉन वेस्लीनं (१७०३–१७९१) आर्मिनियसची बाजू घेतली. माणूस पापानं लुळा आहे, स्वतःहून देवाकडे वळू शकत नाही, हे त्याला कॅल्विनइतकंच मान्य होतं. पण देवाची कृपा प्रत्येक माणसापर्यंत आधीच पोचते आणि होकार द्यायची ताकद परत देते, असं तो शिकवत असे. हिला पूर्वगामी कृपा म्हणतात, म्हणजे आपल्या पुढे चालणारी. त्याचा जिवलग मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनच्या बाजूचा होता, आणि दोघांचं यावरून जाहीर वाजलं. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या स्मरणाचं प्रवचन वेस्लीनंच केलं.

आपण कुठले? बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनचं काम सुरू झालं. त्या संस्थेतले बरेच जण कॅल्विनच्या वळणाचे होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथलं काम मेथडिस्टांकडे आलं. माझी आजी तर पहाटेच्या एकाच प्रार्थनेत म्हणायची, ‘प्रभू, तू मला निवडलंस’ आणि ‘प्रभू, मी तुला सोडणार नाही.’ तिला कुणी बाजू विचारली नाही.

८. आमच्या गल्लीतले कॅथलिक म्हणतात कर्मंही लागतात. मग त्यांचं तारण कर्मानं होतं काय?

त्यांची शिकवण तशी नाही. त्यांच्या बिशपांच्या ट्रेंटच्या सभेनं १५४७ मध्ये पहिल्याच नियमात सांगितलं की कृपेविना स्वतःच्या कर्मांनी कुणी देवापुढे नीतिमान ठरू शकत नाही. फरक पुढे येतो. कृपेबरोबर माणसाचं सहकार्य आणि त्यातून वाढणारं पावित्र्य यांना ते नीतिमान ठरण्यातच मोजतात, आपण त्याला पवित्रीकरण म्हणून वेगळं ठेवतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये मेथडिस्टही तिच्यात सामील झाले. म्हणजे खानापूरच्या मिस्सेतून येणारा शेजारी आणि तुम्ही, ‘तारण कृपेनं’ एवढं एका सुरात म्हणू शकता.

९. वारीला जाणारा माझा मित्र म्हणतो, विठ्ठलाची कृपा झाल्याशिवाय पायही उचलत नाही. मग ख्रिस्ती कृपेत वेगळं काय?

त्याच्या म्हणण्याचा आदर करा. भक्तीची भाषा नसती तर मराठी ख्रिस्ती माणसाला कृपा हा शब्दच मिळाला नसता. आपला हा वादही या मातीला नवा नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत दोन पंथ पडले. एक म्हणतो, माकडिणीचं पिल्लू आईला घट्ट धरतं तसं भक्तानं देवाला धरावं. दुसरा म्हणतो, मांजरी पिल्लाला मानगुटीला धरून उचलते, पिल्लानं काहीच करायचं नसतं. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. वर्गात हे सांगितलं की कॅल्विन-वेस्ली एका मिनिटात समजतात.

वेगळेपण मला एका जागी दिसतं. आपण जिला कृपा म्हणतो ती एका ठरावीक दिवशी, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात, यरुशलेमच्या वेशीबाहेर क्रूसावर दिसली. ती देवाला महाग पडली. मित्राला हे सांगा, आणि त्याचं म्हणणंही पूर्ण ऐका.

१०. मी जन्मानं ख्रिस्ती. बाळपणीच बाप्तिस्मा झाला. मी कधी निवडलंच नाही. माझं काय?

तारीख सांगता येत नाही म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात जन्मलेल्या, संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. तरी पुढे त्यांनी सांगितलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. तो सुमारे आठ वर्षांनी भेटला. वेस्ली दहा वर्षं दीक्षित पाळक होता, आणि २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या एका छोट्या सभेत त्याच्या हृदयाला ऊब लागली. निवड केलेल्यांनाही वाट पाहावी लागली.

तुमच्या बाबतीत आईबापांनी तुमच्यासाठी होकार दिला. दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर विश्वास स्वतः कबूल केलात तेव्हा, तो तुमच्या तोंडी आला. आज रात्री अंथरुणावर पडताना तो पुन्हा देता येतो. कुठल्या दिवशी तो पहिल्यांदा मनापासून निघाला, हे देवाला ठाऊक असलं की पुरे.

११. एकदा तारण झालं की ते जातं का?

योहान १०:२८ मध्ये येशू म्हणतो, माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावून घेणार नाही. इब्री ६:४-६ मध्ये चव घेऊन मागे फिरलेल्यांबद्दल अंगावर काटा आणणारा इशारा आहे. कॅल्विनच्या परंपरेत म्हणतात, खरा निवडलेला शेवटपर्यंत टिकतोच. जो गेला तो कधी आत नव्हताच. वेस्ली म्हणतो, हात हिसकावला जात नाही, पण सोडवून घेता येतो. मला वेस्लीचं पटतं, कारण इशारे पोकळ असतील असं मला वाटत नाही.

मात्र हा प्रश्न कोण विचारतो ते मी आधी बघते. दारूच्या गुत्त्यातून निघत ‘माझं तर झालंय’ म्हणणाऱ्याला इब्रीचं पान दाखवावं. रात्री झोप उडालेल्या, आपलं गेलं म्हणून रडणाऱ्या बाईला योहानाचं. आम्ही बऱ्याचदा नेमकं उलटं करतो.

१२. फारोचं मन देवानंच कठीण केलं. मग त्याचा काय दोष?

मिसरच्या राजाची, फारोची, ही गोष्ट निर्गम या पुस्तकात आहे, ते खुणा करत वाचा. ८:१५, ८:३२ आणि ९:३४ मध्ये फारो स्वतः आपलं मन कठीण करतो. ९:१२ पासून परमेश्वर कठीण करतो असं येऊ लागतं. बरेच शिक्षक इथेच थांबतात: आधी त्यानं केलं, मग देवानं त्याला त्याच्या मार्गावर सोडलं. हे बरंचसं खरं आहे. पण प्रामाणिकपणे ४:२१ ही सांगायला हवं. तिथे मोशे मिसरात पोचण्याआधीच देव म्हणतो की मी त्याचं मन कठीण करीन. ती गाठ राहते, आणि पौल रोम ९ मध्ये तीच गाठ हातात घेतो, कुंभार आणि माती म्हणतो.

तिथे दोन गोष्टी नजरेतून निसटू देऊ नका. याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचं उदाहरण पौल देतो ते घराण्याच्या पुढच्या इतिहासासाठी. एसावाचा आत्मा कुठे गेला हा तिथला विषय नाही. आणि तीन अध्यायांचं हे सगळं बोलणं रोम ११:३२ ला येऊन थांबतं: देवानं सर्वांवर दया करावी. फारोवरून आपल्या शेजाऱ्याला मोजायला या अध्यायात परवानगी नाही.

१३. आयुष्यभर वाटेल तसं वागून मरताना पश्चात्ताप केला तर चालतं का?

येशूशेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराचं चाललं. मत्तय २० मध्ये धनी संध्याकाळी पाच वाजता मजुरांच्या नाक्यावर जातो आणि तासाभराच्या कामाला पूर्ण दिवसाचा रोज देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. पण नाक्यावर दिवसभर कुणी न बोलावता उभं राहणं काय असतं, ते बिगारी कामाला जाणाऱ्यांना विचारा. उशिरा आलेल्याचं फावलं असं ते म्हणत नाहीत. ‘मी मुद्दाम उशिरा येईन’ असा बेत करणाऱ्याबद्दल मात्र ही गोष्ट नाही. पश्चात्ताप वेळापत्रकात बसवता येत नाही.

१४. माझं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. त्याला निवडायला मिळालंच नाही. ते कुठे आहे?

ताई, ते देवाच्या हातात आहे. हे मी तुमचं सांत्वन करायला म्हणून सांगत नाही.

लूक १८:१५ मध्ये लोक तान्ही बाळं येशूकडे आणतात. त्या बाळांनी काही ठरवलं नव्हतं, त्यांना आणलं गेलं होतं. त्यानं ‘देवाचं राज्य अशांचं आहे’ म्हटलं. दाविदाचं बाळ गेलं तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३). आणि इतके भांडलेले पंथ इथे एकमेकांच्या किती जवळ येतात ते बघा. निवडीवर सर्वांत कडक असलेल्या डॉर्टच्या सभेनं लिहून ठेवलं की बाळपणी गेलेल्या मुलांच्या तारणाबद्दल विश्वासी आईबापांनी शंका धरू नये. कॅथलिक धर्मपंडितांच्या आयोगानं २००७ मध्ये बाप्तिस्मा न झालेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं. वेस्लीची पूर्वगामी कृपा तर पाळण्यापर्यंत पोचतेच. होकार मागितला जातो तो देऊ शकणाऱ्याकडून.

मतिमंद मुलांबद्दल आणि स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांबद्दल विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर. आमच्या मंडळीतले एक आजोबा आता लेकींना ओळखत नाहीत. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक जवळ आले की ओंजळ पुढे करतात.

१५. १८२० आधीच्या आपल्या पणजोबांनी येशूचं नावच ऐकलं नव्हतं. त्यांचं काय?

रोम २:१४-१५ मध्ये नियमशास्त्र न मिळालेल्यांच्या अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाबद्दल आहे. प्रेषित १७:२७ म्हणतं, देव कुणापासूनही दूर नाही. तारण होतं ते ख्रिस्तामुळेच, पण त्याचं काम त्याचं नाव पोचलं तिथपर्यंतच चालतं असं बायबल कुठे म्हणत नाही. अब्राहामानंही ते नाव ऐकलं नव्हतं. पणजोबांचा निकाल आपल्या हाती नाही, आणि ज्याच्या हाती आहे त्याला अब्राहामानं विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?

१६. पैसे, नोकरी किंवा भीती दाखवून कुणाला विश्वासात आणलं तर?

तो विश्वास नव्हे, आणि ते पाप आहे. श्रीमंत तरुणावर येशूनं प्रीती केली, आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याला जाऊ दिलं (मार्क १०:२१-२२). मागे धावला नाही, अट कमी केली नाही. राज्यघटनेचं कलम २५ सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं ते आपल्यालाही आणि समोरच्यालाही. प्रकटीकरण ३:२० मधला प्रभू दार ठोकतो. दार तोडत नाही आणि खिडकीतून नोटाही टाकत नाही.

१७. माझा भाऊ देवाचं नाव काढू देत नाही. निवड त्याची आहे तर मी प्रार्थना करून काय उपयोग?

रोम ९ संपतो आणि दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल म्हणतो, माझ्या लोकांचं तारण व्हावं ही माझ्या मनाची इच्छा आणि देवाजवळ विनंती आहे. देवाची निवड, कुंभार, माती, हे सगळं लिहून झाल्यावर तो गुडघे टेकतो. देव कुणाच्या आत काहीच करू शकत नसता तर प्रार्थना व्यर्थ होती. आणि माणूस दगडच असता तर पौल पुढच्याच ओळींत सुवार्ता ऐकवायला माणसं पाठवा असं म्हणाला नसता. (प्रश्न ३ मधला ‘कारण’ इथेही लागू आहे.)

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला तेव्हा घरात आकांत झाला, लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा सुमारे पाच वर्षांनी झाला, नवऱ्याच्या मागे फरपटत नव्हे, स्वतःला पटल्यावर. मधली वर्षं दोघांनाही काढावी लागली.

तुमच्या भावाचं नाव मला कळवा, गुरुवारी आम्ही ते घेऊ. या रविवारी उपासना झाली की त्याच्याकडे जाताना पत्रक नेऊ नका. पाव किलो कुंदा न्या, त्याच्या पोरांशी खेळा, आणि त्यानं विचारेपर्यंत काही बोलू नका.